विकलेचा दहा लाखावा भाग

चाळीसगाव मागे पडलं, पाटणादेवीच्या रस्त्याला लागलो, की दिवे संपतात. वैशाखातली रात्र, दोन वाजून गेलेत. दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगरावर, आकाशगंगेचा पट्टा सगळ्यात दाट झालाय. तिथंच, धनू राशीत, तिचं केंद्र आहे.

डोळ्यांना ते दिसत नाही, मध्ये धूळ आहे. रेडिओ लहरी मात्र धुळीतून निघून येतात. १९७४ च्या फेब्रुवारीत ब्रूस बालिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना तिथं रेडिओचा एक बारीक ठिपका सापडला. सॅजिटेरियस ए स्टार. त्याच्या पोटात चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर.

ठिपका केवढा? इथं घोडं अडलं. वाटेतला विद्युतभारित वायू लहरी विखुरतो, ठिपका फुगून दिसतो. लहर दुप्पट लांब, तर फुगवटा चौपट. म्हणजे मापाला लागायचा तो वायूचा डाग! तेव्हा लहर आखूड हवी: १.३ मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढी.

आणि इतका बारीक ठिपका मोजायला दुर्बिणीची थाळी हवी हजारो किलोमीटरची. ती कोण बांधणार? एप्रिल २००७ मध्ये हवाई, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणी एकाच वेळी ठिपक्याकडे वळल्या. प्रत्येकीनं अणुघड्याळाच्या ठोक्यावर लहरी नोंदवल्या. नोंदी नंतर एकमेकींशी ताडून पाहिल्या. जवळच्या जोडीत मेळ ठळक, लांबच्या जोडीत फिका. किती फिका, त्यावरून माप निघालं.

ते सांगायला शब्द आपल्याकडे आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, इथं पाटण्यात मठ काढला, असं इथला शिलालेख सांगतो. त्या गणितात एका अंशाच्या ३६०० विकला. आता एका विकलेचे दहा लाख भाग करा. ठिपक्याची रुंदी त्यातले ३७. चित्र नाही, नुसता आकडा. मला मात्र तो चित्राहून प्यारा आहे.

चित्रही आलं, १२ मे २०२२ ला. २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी टिपलेलं तेजाचं कडं, तसल्याच ५२ भागांचं. चंद्रावर कुणी तळहाताएवढी बिबडी वाळत घालावी, आणि ती इथून मोजावी!

ती लहर निघाली सुमारे २७ हजार वर्षांपूर्वी. साधारण त्याच काळात याच पाटण्यात कुणीतरी शहामृगाच्या अंड्याचं कवच घासून मणी करत होतं. उत्खननात ते मणी सापडलेत.