तुरुंग रिकामा झाला, आता जागा कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

तुरुंग शहराबाहेरच्या नव्या इमारतीत हलतो, लष्कर जुनी छावणी सोडून जातं, आणि मागे मोक्याची जमीन उरते. कधी समुद्रकाठची, कधी भर बाजारातली. अशा जागेवर पहिला हक्क लोकांचा असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगण्यासाठी आधी तुम्हाला गोव्यात घेऊन जायचं आहे.

पणजीहून मांडवीच्या पलीकडे पाहिलं की टेकडीच्या उतारावर रेइश मागुशचा किल्ला दिसतो. पोर्तुगीजांनी तो १५५१ मध्ये बांधला आणि १७०७ मध्ये पुन्हा उभारला. पुढे तोफांचे दिवस सरले आणि किल्ल्याचा तुरुंग झाला. गोवा मुक्त झाल्यावरही, अगदी १९९३ पर्यंत, तिथे कैदी होते. ते गेल्यावर मात्र किल्ल्याला कोणी वाली उरला नाही. कोकणातला पाऊस आणि रिकामं घर, यांचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे. छपरं खचली, भिंतींतून झाडं उगवली.

या किल्ल्यासाठी पुढे धडपडलेल्यांत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा होते. गोवा सरकार, वारसा वास्तू जपणारी इन्टॅक ही संस्था आणि लंडनचा हेलन हॅमलिन ट्रस्ट एकत्र आले, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी काम हाती घेतलं, आणि जून २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. मारिओ त्याआधीच, डिसेंबर २०११ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांचं दालन आज तिथे आहे, गोवा मुक्तिलढ्यातल्या माणसांचंही आहे. कधी गेलात तर आत शिरताना जरूर वर पाहा. चाल करून येणाऱ्यांवर उकळतं तेल ओतायला ठेवलेलं भोक अजून तसंच आहे.

असं काम सोपं नसतं. जांभा दगड पाणी पितो. त्याला चुन्याचा गिलावा दिला तर भिंत श्वास घेते. सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगड आतून भुसभुशीत होतो. कामाची घाई झाली, बिल लवकर काढायचं असलं, की सिमेंटच थापलं जातं. जुनी वास्तू आपण वाचवली असं वाटतं, आणि चार-पाच पावसाळ्यांत ती डोळ्यांदेखत सुटायला लागते.

आता तिथून जवळच्याच आग्वादला येऊ. सतराव्या शतकातला हा किल्ला, त्याच्या पायथ्याशी समुद्राला लागून तुरुंग. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया इथे कैदेत होते. १९५५ च्या सत्याग्रहानंतर महाराष्ट्रातले नानासाहेब गोरे, मधू लिमये अशी माणसं इथे डांबली गेली. आणि गोवा मुक्तिलढ्याचे अग्रणी टी. बी. कुन्हा! लष्करी न्यायालयाने १९४६ मध्ये त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. आधी आग्वाद, मग थेट पोर्तुगालमधला पेनिशचा किल्ला. तोही समुद्रकाठचा, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत राजकीय कैद्यांचा तुरुंग झालेला.

या दोन किल्ल्यांचं पुढे काय झालं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. आग्वादचे कैदी २०१५ मध्ये कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवले. नूतनीकरण होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, तिथल्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ही चांगलीच गोष्ट. पण जागा चालवायला खासगी हाती देण्यावरून गोव्यात मोठा वाद झाला, आणि तो रास्त होता. ज्या कोठडीत माणसं देशासाठी सडली तिच्या दारात कशाची दुकानं असावीत, हे ठरवताना त्या माणसांच्या घरच्यांना विचारायला नको?

पेनिशमध्ये २०१६ साली हीच वेळ आली. पर्यटनासाठी खासगी हाती द्यायच्या सरकारी वास्तूंच्या यादीत त्या किल्ल्याचं नाव आलं. जुने राजकीय कैदी आणि त्यांच्यासोबत सामान्य नागरिक विरोधात उभे राहिले, आणि सरकारला ते नाव काढावं लागलं. आज तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. पोर्तुगालमधल्या क्रांतीनंतर २७ एप्रिल १९७४ ला तिथले कैदी सुटले होते. बरोबर पन्नास वर्षांनी, २७ एप्रिल २०२४ ला, ते पूर्णपणे खुलं झालं. भोगलेली माणसं हयात होती आणि बोलली, म्हणून हे झालं.

बेंगळुरूच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगाचा फ्रीडम पार्क झाला, तो मला याहून एक पाऊल पुढे वाटतो. आणीबाणीत आपले मधू दंडवते याच तुरुंगात होते, वाजपेयी आणि अडवाणी यांच्यासोबत. आज टेहळणीचा मनोरा उभा आहे, भोवती बाग आहे, लोक फिरायला येतात. आणि तिथेच निदर्शनांसाठी जागा राखलेली आहे. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना जिथे कोंडलं, तिथे आज अंगणवाडी सेविका आणि कामगार घोषणा देतात. सरकारी जमिनीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. १९५५ च्या गोवा सत्याग्रहाला महाराष्ट्राच्या गावागावांतून माणसं गेली. त्यांतली फार थोडी आता आपल्यात आहेत. तुमच्या घरात आजोबांचं तुरुंगातून आलेलं पत्र असेल, सुटकेचा कागद असेल, एखादा फोटो असेल, तर तो ट्रंकेत कसरीच्या तोंडी देऊ नका. त्याची प्रत काढा, मागे नाव, गाव आणि साल लिहा, आणि ती जवळच्या संग्रहालयाकडे किंवा गोव्याच्या पुराभिलेख विभागाकडे पोचवा. आणि आजी-आजोबा बोलत्या अवस्थेत असतील, तर या रविवारी मोबाईलवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. कोठडी केवढी होती, जेवायला काय मिळायचं, शेजारच्या कोठडीत कोण होतं, एवढं विचारलंत तरी पुरे. नमस्कार.