‘देते किती?’ विचारण्याआधी

तर मंडळी, इंदूरला कोणी गाडी घेतली की पेढ्याआधी प्रश्न येतो, ‘देते किती?’, म्हणजे मायलेज किती. शोरूमवाला म्हणतो पेट्रोलची २० देते, सीएनजीची २६, आणि आपण मान डोलावतो. अहो, पण पेट्रोल लिटरने मिळतं आणि सीएनजी किलोने, दूध आणि पोहे एका मापाने मोजतो का आपण? आणि तो एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा, आकडा लॅबमध्ये रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो, तिथे पलासियाचा सिग्नल नसतो.

म्हणून मी स्वतः मोजतो. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा कट झालं की बस, पंपावरचा पोरगा ‘राउंड फिगर कर दूं क्या?’ म्हणतोच, त्याला नको म्हणायचं आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच पहिल्या कटला फुल, आणि मधले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. असं चारपाच वेळा केलं की खरं काय ते कळतं. माझी वही डॅशबोर्डात असते, शेवेच्या तेलाचा डाग पडलाय तिला, पण आकडे वाचता येतात.

मग पैसे. माझी पेट्रोल गाडी गावात १५ देते, पेट्रोल १०६ धरलं तर किलोमीटरला सात रुपये. साडूची सीएनजी किलोला २२ देते, भाव ९५ धरा, म्हणजे साधारण सव्वाचार. फरक पावणेतीन रुपयांचा. बडोद्याच्या नातेवाइकाचा हिशोब मात्र इथे लावू नका, गुजरातमध्ये पेट्रोल आपल्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

आता सीएनजीचं मॉडेल ९०,००० नी महाग धरलं तर ते वसूल व्हायला जवळपास ३३,००० किलोमीटर पाहिजेत. साडू रोज पीथमपूरला जातो, महिन्याचे १५०० होतात, दोन वर्षांच्या आत वसूल. मी राजेंद्र नगर ते राजवाडा करणारा माणूस, महिन्याचे ५०० पण मुश्किलीने, मला साडेपाच वर्षं लागतील, वर दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट आणि पंपावरची लाइन ती वेगळीच.

अजून एक गंमत बघा, एक गाडी १० ऐवजी १२ देते आणि दुसरी २० ऐवजी २५, तर जास्त बचत कुठे? सगळे म्हणतात दुसरीत, पाचचा फरक ना! पण १००० किलोमीटरला पहिलीत वाचतात सोळा-सतरा लिटर आणि दुसरीत फक्त १०. म्हणून घरात दोन गाड्या असतील तर जास्त पिणारी आधी बदला, तिचं रनिंग पण तेवढंच असेल तर.

साडूने अर्थातच सीएनजी घेतली आणि खूश आहे, फक्त डिकीत सिलिंडर बसलाय त्यामुळे उज्जैनला महाकालला निघालो की त्यांच्या बॅगा माझ्या गाडीत असतात, आणि पेट्रोलचे पैसे मी मागत नाही.