पुढचा स्वर केव्हा?

श्रोतेहो, नमस्कार.

आज स्टुडिओत येताना मी व्हायोलिन सोबत आणलं आहे, कारण आजचा विषय, एकट्या व्हायोलिनच्या संगीताची लय कशी ठरवायची, हा नुसता बोलून पोचणारा नाही. आधी एक कॉर्ड ऐका, म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर.

(कॉर्ड वाजवते.)

योहान सेबास्टियन बाख यांच्या जी मायनर सोनाटाची, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेची, ही सुरुवात. चारही तारांवरून गज एकदा फिरला की व्हायोलिनवादकापुढे लगेच एक प्रश्न उभा राहतो. पुढचा स्वर केव्हा?

सोबतीला कुणी असतं तर हा प्रश्न इतका अवघड नव्हता. आपल्या मैफिलीत विलंबित खयाल कितीही संथ असला तरी तबल्यावर ठेका चालू असतो, आणि गायकाला समेवर परत यायची जागा माहीत असते. बाख यांच्या, म्हणजे बरोक काळातल्या बहुतेक व्हायोलिन सोनाटांमध्येही खाली हार्पसिकॉर्ड किंवा चेलो खर्ज धरून चाललेला असतो. बाख यांनी ही आधाराची काठीच काढून घेतली. १७२० साल घातलेल्या आपल्या सुंदर हस्तलिखितावर त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे की या ६ रचना खर्जाच्या साथीशिवाय आहेत. ३ सोनाटा आणि ३ पार्टिटा, म्हणजे नाचांच्या मालिका. एकटं व्हायोलिन. गाणंही त्याचंच आणि ठेकाही त्याचाच.

लयीबद्दल लिहिलेलं काय मिळतं? एक शब्द. इथे तो शब्द ‘अदाजिओ’, म्हणजे संथ; या भागाचं नावही तेच. आकडा नाही, आणि असणार तरी कसा? मेल्त्सेल यांनी मेट्रोनोमचं, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५ साली आणि बाख गेले १७५० साली. छापील प्रतीत क्रॉचेटच्या, म्हणजे एका मात्रेच्या स्वराच्या, चिन्हापुढे आकडा दिसला तर तो नंतरच्या संपादकानं घातलेला आहे, एवढं विद्यार्थ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं.

मी स्वतः हा अदाजिओ कितीतरी वर्षं चुकीचा वाजवला. लहानपणी एका जुन्या रेकॉर्डवर तो अतिशय संथ ऐकला होता, आणि संथ म्हणजे खोल अशी माझी समजूत झाली होती. प्रत्येक स्वर मी जपून, गोंजारून वाजवायची. एकदा गोव्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये वाजवून झाल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. त्यांचं सगळं आयुष्य तिथल्या कॉयरमध्ये गाण्यात गेलं होतं. ते म्हणाले, “बाय, सूर गोड आहेत. पण यातला कुठला सूर धरून चालायचं ते मला सापडलं नाही.” त्या रात्री मला झोप लागली नाही. ते खरं बोलत होते.

धरून चालायचा सूर म्हणजे काय, ते सांगते. या अदाजिओचं पान उघडलं की बारीक बारीक स्वरांची दाटी दिसते, एकाखाली एक तीन-चार रेघांनी बांधलेले स्वर. डोळ्यांना ते घाईचे वाटतात, आणि घाबरून आपण सगळंच संथ करतो. पण हे बारीक स्वर म्हणजे मुळात हरकती आणि मुरक्या आहेत. इटालियन पद्धतीत संथ भागाचा नुसता सांगाडा लिहीत आणि वादक त्यावर स्वतःच्या फिरती घालत. इटालियन व्हायोलिनवादक आर्कांजेलो कोरेल्ली यांच्या १७०० सालच्या सोनाटांची पुढे अॅमस्टरडॅमला एक आवृत्ती निघाली. तिच्यात संथ भागांचा साधा सांगाडा आणि त्यावरची नटवलेली ओळ एकाखाली एक छापली होती. बाख यांनी सांगाडा वेगळा दाखवलाच नाही, फिरती थेट शाईनं लिहून टाकल्या. १७३७ साली शाइबे नावाच्या समीक्षकानं याबद्दल जाहीर तक्रारही केली होती, की हा माणूस वादकासाठी काही शिल्लकच ठेवत नाही. तक्रार असली तरी आपल्याला ती उपयोगी पडते. पानावरचं काय हाड आहे आणि काय दागिना, हे ओळखायचं काम आता आपलं, एवढं तिच्यातून कळतं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी दागिने उतरवायला लावते. नुसते कॉर्ड आणि खालचे खर्जाचे स्वर, मधलं काही नाही. असं ऐका.

(पहिल्या चार बारचा सांगाडा वाजवते.)

आता लक्षात येईल की हे कॉर्ड एकमेकांना ओढतात. एक ताणतो, दुसरा सोडवतो. ताणलेला कॉर्ड सुटायच्या आधीच कानातून निसटला, तर लय फार संथ झाली. तो ताण जाणवायच्याही आधी सुटला, तर लय घाईची झाली. या दोहोंच्या मधली जागा अरुंद आहे, पण ती आहे, आणि गाऊन पाहिलं की हमखास सापडते. व्हायोलिन खाली ठेवायचं आणि खर्ज गायचा. माणसाच्या श्वासाला जे धरवत नाही ते श्रोत्याच्या कानालाही धरवत नाही.

आता थोडा हिशेब करू. मला स्वतःला या हिशेबानं फार धीर दिला. अदाजिओचे बार, म्हणजे मात्रांचे ठरावीक गट, २२. प्रत्येक बारमध्ये ८ क्वेव्हर, म्हणजे अर्ध्या मात्रेचे स्वर. म्हणजे एकूण १७६. योहान योआखिम क्वांट्स हे प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे बासरीगुरू. त्यांनी १७५२ साली आपल्या ग्रंथात लय मोजायचं एक घरगुती साधन सांगितलं, ते म्हणजे माणसाची नाडी. निरोगी, आनंदी माणसाची, दुपारच्या जेवणानंतरची, मिनिटाला सुमारे ८० ठोके. चार क्रॉचेटच्या बारमध्ये गाण्यासारख्या अदाजिओला एका क्वेव्हरला एक ठोका, आणि अगदी संथ अदाजिओला एका क्वेव्हरला दोन. पहिल्या मापानं आपला अदाजिओ सव्वादोन मिनिटांत संपतो, दुसऱ्या मापानं जवळपास साडेचार मिनिटं चालतो. दुप्पट फरक! क्वांट्स मात्र शहाणे होते. अख्खी रचना नाडीवर मोजत बसणं अशक्य आणि वेडेपणाचं, असं त्यांनी स्वतःच म्हटलं आहे. शिवाय ते एका पिढीनंतर बर्लिनमध्ये बसून लिहीत होते. मी त्या मापाचा उपयोग कुंपणासारखा करते. सव्वादोन मिनिटांत या फिरती तोंडातल्या तोंडात बोलल्यासारख्या होतात, आणि साडेचारच्या पुढे माझा खर्ज तुटतो.

वुल्फगांग मोत्सार्ट यांचे वडील लेओपोल्ड यांनी १७५६ साली व्हायोलिन शिकवण्याचा जो ग्रंथ लिहिला, त्यातली एक गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. ते सांगतात की प्रत्येक सुरेल रचनेत निदान एक तरी जागा अशी असते, जिच्यावरून तिची लय ओळखता येते. ती जागा शोधायची. बहुतेक वेळा ती सुरुवातीला नसते. आपण मात्र पहिल्या बारवरून लय ठरवून मोकळे होतो.

ए मायनर सोनाटातल्या अँडान्टेत ती जागा शोधावीही लागत नाही. तिथे खालच्या तारेवर एकच स्वर सारखा टपटप पडत राहतो आणि वर गाणं चालतं. दोन्ही कामं एकाच गजानं करायची. अँडान्टे म्हणजे चालत. खालचे स्वर पावलांसारखे ऐकू आले की लय बरोबर. लय फार संथ केली तर पावलं थबकतात आणि वरच्या गाण्याला गजही पुरत नाही. इथे लय गजच सांगतो, आपण त्याचं ऐकायचं.

पार्टिटांमध्ये नाच आहेत, त्यामुळे काम थोडं सोपं होतं. बाख यांचे शिष्य किर्नबर्गर तर नव्या संगीतकारांना सगळे नाच शिकून घ्यायला सांगत, कारण प्रत्येक नाचाची लय त्याच्या अंगातच असते. गॅव्हॉट नाचता येईल असा वाजवावा, मिन्युएटही तसाच. त्यावर फार बोलायला नको.

बोलायचं आहे ते शाकोनबद्दल. डी मायनर पार्टिटाचा हा शेवटचा भाग, अडीचशेहून जास्त बारचा. चार-चार बारचे तुकडे एकामागून एक बदलत जातात. काही जण तो बारा-तेरा मिनिटांत वाजवतात, काही जण पंधराच्या पुढे जातात. त्याच्याभोवती एक दुःखाची गोष्ट गुंफली गेली आहे. जुलै १७२०मध्ये बाख ज्यांच्या दरबारी नोकरीला होते त्या राजपुत्र लेओपोल्ड यांच्याबरोबर कार्ल्सबाद या गरम झऱ्यांच्या गावी गेले असताना त्यांची पत्नी मारिया बार्बरा वारली. ते परतले तेव्हा दफनही झालं होतं. एवढं खरं आहे. पण शाकोन तिच्यासाठी लिहिला याला कागदोपत्री आधार नाही. १७२० हे स्वच्छ नक्कल केल्याचं साल आहे, आणि त्यातला प्रत्येक भाग त्याच वर्षी सुचला असं त्यावरून म्हणता येत नाही. मला ही गोष्ट ऐकून वाईट वाटतं, तरीही ती वाजवणाऱ्याच्या हातात शिरू नये असं मला मनापासून वाटतं. ती शिरली की पहिलेच कॉर्ड शोकसभेसारखे जड पडतात आणि नाच मरतो. शाकोन हा तीन मात्रांचा नाच आहे, आणि हा तर दुसऱ्या मात्रेवर सुरू होतो. ऐका, पहिली मात्रा मी मनातच मोजते आहे.

(पहिले चार बार वाजवते.)

दुसऱ्या मात्रेवरचा हा कल कानाला जाणवला पाहिजे. मग मी पुढे तीन ठिकाणी जाऊन तीच लय ताडून बघते. एक, बारीक स्वरांची धाव जिथे येते ती जागा. तिथे श्वास कोंडला तर सुरुवात घाईची झाली होती. दोन, ८९व्या बारपासूनचे आर्पेजिओ, म्हणजे एकेक स्वर सुटा करून वाजवायचे कॉर्ड. तिथे बाख फक्त कॉर्ड लिहितात आणि ते कसे फोडायचे हे बरंचसं आपल्यावर सोडतात, म्हणून तिथे हात आपोआप पळतो. तीन, मधला डी मेजरचा भाग, जिथे मोठ्या काळोखानंतर खिडकी उघडल्यासारखं वाटतं. तो भाग मुद्दाम संथ करावा असा मोह होतो. मी तो करत नाही. लय तीच राहिली तरच ते उजळणं खरं वाटतं. तिन्ही ठिकाणी जी चालते, ती माझी सुरुवातीची लय. मग थोडं पुढे-मागे होणं आलंच, श्वास घेणाऱ्या माणसाचं वाजवणं आहे ते.

वेगवान भागांचं दुखणं उलटं. ई मेजर पार्टिटाचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, आजकाल इतका पळवला जातो की एकच स्वर वेगवेगळ्या तारांवर आळीपाळीनं वाजवण्याची त्यातली जी गंमत आहे, ती नुसती घरघर होऊन बसते. या तारांचे रंग वेगळे ऐकू येणं ही माझी वरची मर्यादा. बाख लय चैतन्यानं घेत आणि तिच्याबद्दल अगदी पक्के असत, असं त्यांच्या निधनानंतरच्या मृत्युलेखात म्हटलं आहे. तो लिहिण्यात त्यांच्या मुलाचाही हात होता. पण तिथे बोलणं चाललं आहे ते वादकवृंद चालवण्याबद्दल, आणि चैतन्य म्हणजे धावपळ नव्हे.

आतड्याच्या तारा आणि जुन्या घडणीचा, बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला गज कधी हातात घेतला तर यातलं बरंच काही न सांगता कळतं. तो गज टोकाकडे हलका होतो, आवाज स्वतःच विरतो, आणि दोन स्वरांमध्ये बोलल्यासारखा श्वास पडतो. म्हणून संथ लय रिकामी वाटत नाही आणि जलद लय ओरखडे काढत नाही. आणि जागा! पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या दगडी भिंती एक कॉर्ड दोन-तीन सेकंद धरून ठेवतात. हा स्टुडिओ गालिचे आणि पडदे लावून बंद केलेला आहे, इथे तोच कॉर्ड लगेच विझतो. दोन्हीकडे एकच आकडा चालणार नाही.

तर आता मी अदाजिओ पूर्ण वाजवते. दागिने अंगावर घालून. या खोलीत मला क्वेव्हरला मिनिटाला साधारण ५०ची चाल जमते आहे, म्हणजे साडेतीन मिनिटं. चर्चमध्ये असते तर अजून थोडा वेळ घेतला असता. तुम्ही वरच्या बारीक स्वरांमागे जाऊ नका, खालचा सूर धरा. तो कुठे तुटला तर मला जरूर कळवा.

(वाजवते.)