दुपारच्या विजेची बेगमी

(दृश्य : कोथरूड, गच्ची, भर दुपार)

एप्रिल महिना, दुपारचा दीड. सोसायटीच्या अर्ध्या गच्चीवर सोलर पॅनेल, उरलेल्या अर्धीत जुन्या साडीवर घातलेल्या कुरडया. ऊन दोघांनाही तेच. कुरडया दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतील, डब्यात जातील, वर्षभर पुरतील. पॅनेलची वीज मात्र ज्या क्षणी तयार झाली, त्याच क्षणी कुठेतरी खर्चही झाली.

खाली मीटरच्या खोलीत नेट मीटरवर बाहेर गेलेली युनिटं चढताहेत. महिन्याच्या बिलात ती वळती होतात, म्हणून आपल्याला वाटतं की आपली वीज महावितरणकडे जमा आहे. ती बिलात जमा असते, तारेत नसते. संध्याकाळी सातला लिफ्ट, मिक्सर, पाण्याचा पंप, गल्लीतले दिवे एकदम लागतात, तेव्हा लागणारी वीज दुसरीकडे कुठेतरी नव्यानं तयार करावी लागते.

(दृश्य : भार प्रेषण केंद्र, पडद्यावरचा आकडा)

हा आकडा बघा. ५०. राज्यातली विजेची मागणी आणि निर्मिती जुळवणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसरात्र याच्यावर डोळा असतो. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ५० हर्ट्झची वारंवारिता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, घसरू लागते. ४९.९० ते ५०.०५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात ती राखायची असते. सूर्य मावळतो आणि मागणी चढते ती नेमकी एकाच वेळी. खरी कसोटी त्या दोन-तीन तासांची.

पुणेकरांना २००६ आठवत असेल. भारनियमनाचे दिवस. तेव्हा इथल्या कारखान्यांनी स्वतःचे डिझेल जनरेटर चालवले, त्यातून वाचलेली वीज शहराला मिळाली आणि जादा खर्च ग्राहकांनी बिलातून भरला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. तेव्हा वीजच कमी होती. आता दुपारी ती मुबलक असते, अडतं ते संध्याकाळी.

(दृश्य : सह्याद्री, धरणाची भिंत)

साठवणीचं काम सह्याद्रीनं आधीच केलंय, पाण्याच्या रूपात. अकोले तालुक्यातलं घाटघर, २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवायचं, गरज पडली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. चढवायला १०० युनिटं लागली, तर परत मिळतात साधारण ७५ ते ८०. मावळात शिरवटा तलावावर १८०० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पासाठी टाटा पॉवरनं २०२३ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला.

पण धरण म्हटलं की मुळशीची आठवण होतेच. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर तिथले शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. त्यांच्या भातखाचरांवरून आज पाणी आहे, आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. साठवणीचा हिशेब मांडताना ती गावं त्यात धरलीच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : ओळीनं उभे पांढरे कंटेनर)

बॅटरीला दरी लागत नाही, गाव उठवावं लागत नाही. उपकेंद्राच्या आवारात कंटेनर मांडले की झालं. १०० युनिटं भरली तर ८५ च्या आसपास परत येतात. मर्यादाही आहे : अशा बॅटऱ्या साधारण दोन ते चार तासच पुरतात, आणि वर्षागणिक त्यांची ताकद घटते. आपली संध्याकाळ मात्र तेवढ्याच तासांची आहे.

शिवाय त्यांच्याइतकं चपळ दुसरं काही नाही. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात मनोरे कोसळून दक्षिण ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य अंधारात गेलं. वर्षभरानंतर, डिसेंबर २०१७ मध्ये, तिथल्या हॉर्न्सडेल पवनचक्क्यांशेजारी १०० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. दोन आठवडे होतात न होतात तोच शेजारच्या व्हिक्टोरियातला कोळशाचा एक मोठा संच अचानक बंद पडला. वारंवारिता घसरू लागली आणि निमिषार्धात, शेकडो किलोमीटर दूरच्या त्या बॅटरीनं ग्रिडमध्ये, म्हणजे दोन्ही राज्यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, वीज सोडली.

(दृश्य : जुन्नर, उसाचा फड, सकाळ)

काही मागणी तर सरळ दुपारकडे सरकवता येते. जुन्नरच्या शेतकऱ्याला विचारा. थ्री फेज लाइट रात्रीची आली की एका हातात काठी, एका हातात टॉर्च घेऊन उसाला पाणी द्यायला निघायचं, आणि फडात बिबट्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर आणले जाताहेत, ते याचसाठी. मोटर सकाळी नऊला सुरू झाली, तर त्या विजेला साठवणच नको, आणि घरचे रात्री जागत बसणार नाहीत.

(दृश्य : पुन्हा कोथरूड, तिन्हीसांजा)

सव्वासात. पॅनेल गार पडलेत. कुरडयांची साडी गोळा करून कुणीतरी जिना उतरतंय. खाली एकेक खिडकी उजळतेय. तिकडे कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघराकडे उतरू लागलंय. वर्षाला पश्चिमेकडे वळवायला ठरवून दिलेल्या ६७.५ टीएमसीतलं (अब्ज घनफुटांतलं) आजच्या संध्याकाळचं पाणी.