साकवावरचे चौघे : कोडं वर्गात कसं चालवायचं

(गोव्यातल्या मराठी शाळांच्या गणित शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर एक कोडं लिहिलं आहे, आधी ते वाचू.

पावसाळ्यातली रात्र. व्हाळ दुथडी भरलाय. त्यावर माडाच्या ओंडक्यांचा साकव आहे आणि एका वेळी जास्तीत जास्त दोघांचंच वजन तो पेलतो. अलीकडे चौघं उभी आहेत. नात साकव 1 मिनिटात ओलांडते, तिचा बाबा 2 मिनिटांत, आजी 5 आणि आजोबा 10. बॅटरी एकच, आणि बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. ती फेकायची नाही, हातातूनच न्यायची. दोघं बरोबर निघाले की हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालायचं. चौघंही पलीकडे पोचायला कमीत कमी किती मिनिटं लागतील?

जगभर हे पुलावरचं कोडं म्हणून फिरतं. आपण पुलाचा साकव केला, बाकी जिन्नस तोच. आजचा बराचसा वेळ मी याच एका कोड्यावर घालवणार आहे. कारण तासाला पाच कोडी उरकली की मुलांच्या हाती पाच उत्तरं राहतात, विचाराची रीत एकही राहत नाही.

सातवी-आठवीच्या वर्गात हे घातलं की थोड्या वेळात उत्तर येतं, 19. मुलं म्हणतात, नात सगळ्यांत चपळ, तर तीच एकेकाला पोचवून येऊ दे. बाबाला पोचवायला 2, परत 1, आजीला 5, परत 1, आजोबांना 10. बेरीज 19. हिशोबात चूक नाही. आणि इथंच बहुतेक वर्गांत घोटाळा होतो. शिक्षक म्हणतात, "चूक, अजून कमी होतं." एवढं म्हटलं की मुलं विचार सोडून अंदाज सुरू करतात. 18? 16? मग शेवटच्या बाकावरून ऐकीव 17 येतो, शिक्षक "शाब्बास" म्हणतात आणि तास संपतो.

त्याऐवजी विचारा, "19 मिनिटांपैकी सगळ्यांत जास्त मिनिटं कुठं गेली?" मुलं सांगतील, 10 आणि 5 मध्ये. 10 टळणार नाहीत, आजोबांना जायचंच आहे. मग 5 वाचतील का? वाचतील, पण आजी आजोबांबरोबर गेली तरच. आजीची 5 मिनिटं आजोबांच्या 10 मध्ये झाकली जातात. इथवर मुलं येतात आणि लगेच आजी-आजोबांना पहिल्याच फेरीत पाठवतात. मग बॅटरी परत कोण आणणार? आजी. म्हणजे 5 मिनिटं परतीची, वर पुन्हा जायची. गाडं रुतलं. रुतू द्या. "पलीकडे बॅटरी आणायला आधीच कुणीतरी उभं हवं" हे वाक्य मुलाच्या तोंडून यायला हवं, तुमच्या नव्हे.

ते आलं की पुढचं सरळ आहे. नात आणि बाबा पलीकडे, 2. नात परत, 1. आजी-आजोबा पलीकडे, 10. तिथं थांबलेला बाबा परत, 2. नात-बाबा पुन्हा पलीकडे, 2. एकूण 17.

यावरही थांबू नका. "16 होणारच नाही, हे कशावरून?" हा प्रश्न आठवीच्या वरच्या वर्गाला टाकाच. चौघांना दोघा-दोघांनी जायचं तर जाण्याच्या फेऱ्या 3 आणि येण्याच्या 2. आजी-आजोबा वेगवेगळ्या फेऱ्यांत गेले तर जाण्याचे किमान 10 + 5 + 2 आणि येण्याचे किमान 1 + 1, म्हणजे 19 च्या खाली जाता येत नाही. एकत्र गेले आणि त्यांतलं एक जरी परत आलं, तर परतीचे 5, पुन्हा जायचे 5, शिवाय मूळचे 10. तिथंच 20 झाली. तेव्हा ती दोघं एकत्र, एकदाच, आणि मधल्या फेरीत जायला हवीत. मग पहिली आणि शेवटची फेरी नात-बाबांची, प्रत्येकी 2. परत येणार एकदा नात, एकदा बाबा, 1 + 2. मधले 10. पर्याय उरत नाही.

आता माझ्या मते या कोड्यातला सर्वांत मोलाचा भाग. फळ्यावरचा बाबांचा 2 पुसा आणि तिथं 4 लिहा. बाबाचा पाय मुरगळलाय म्हणा. सगळा वर्ग ऐटीत युक्ती वापरतो : 4 + 1 + 10 + 4 + 4 = 23. मग हळूच म्हणा, "आधीची साधी रीत लावून बघा." 4 + 1 + 5 + 1 + 10 = 21. ज्या रीतीला मघाशी आपण मागे टाकलं, तीच जिंकली. वर्ग गप्प होतो. युक्ती पाठ केली होती, ती कधी चालते हे विचारलंच नव्हतं.

नववीच्या मुलांना इथून बीजगणितात नेता येतं. वेळा चढत्या क्रमानं क, ख, ग, घ धरा. साध्या रीतीला 2क + ख + ग + घ मिनिटं लागतात, जोडीच्या रीतीला क + 3ख + घ. वजाबाकी केली की उरतं क + ग − 2ख. म्हणजे ख ची दुप्पट क आणि ग च्या बेरजेहून कमी असेल तरच जोडीची रीत फायद्याची. बाबांना 3 मिनिटं लागत असतील तर दोन्ही रीतींनी 20 येतात. हे मुलांनीच पडताळून बघावं.

सामान म्हणाल तर प्रत्येक जोडीला चार चिंचोके, त्यांवर पेननं 1, 2, 5, 10 लिहिलेले, बॅटरी म्हणून एक आगपेटी आणि वहीवर ओढलेल्या दोन रेघा. आगपेटी विसरू नका. ती नसली की मुलं परतीची फेरी मोजायलाच विसरतात आणि उत्तर 14 किंवा 15 येतं.

चाळीस मिनिटांचा तास धरू. पहिली तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त वाचायचं. मग दहा-बारा मिनिटं जोडीनं. त्यानंतर एक सूचना, एकच. मग पुन्हा दहा मिनिटं, आणि उरलेल्या वेळात तीन-चार मुलांनी फळ्यावर येऊन आपली रीत मांडायची, चुकलेली रीतसुद्धा. वहीत दोन रकाने आखायला लावा, "काय करून पाहिलं" आणि "कुठं अडलं". दुसरा रकाना कोरा असेल तर त्या मुलानं कोडं सोडवलेलं नाही, उत्तर उतरवून घेतलंय.

सूचनांचाही क्रम असतो. आधी प्रश्न पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणं. मग "सगळ्यांत जास्त वेळ कुठं जातोय?" मग "बॅटरी कोण आणणार?" आणि अगदीच निरुपाय झाला तर "5 आणि 10 एकत्र पाठवून बघा." ही शेवटची सूचना म्हणजे जवळपास उत्तरच. ती तिसऱ्या मिनिटाला देऊन टाकणं हा आपला, शिक्षकांचा, सर्वांत नेहमीचा दोष आहे. वर्गातली शांतता आपल्यालाच सोसवत नाही.

प्रश्न पुन्हा सांगायला लावताना भाषेकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडचं मूल घरी कोकणी बोलतं, प्राथमिकला मराठीत शिकतं आणि पाचवीपासून बहुधा इंग्रजी पुस्तकं हातात धरतं. "जास्तीत जास्त दोघं" याचा अर्थ अनेक मुलं "दर वेळी दोघंच" असा घेतात. मग बॅटरी घेऊन एकट्यानं परत येता येतं हेच त्यांना सुचत नाही आणि ती परतीलाही दोघांना पाठवतात. "किमान", "प्रत्येकी", "निदान एक", "नेमके दोन" या शब्दांवरही अशीच गाडी अडते. कोडं कोकणीतून सांगू दे की मुलाला. गणित बिघडत नाही.

आता दुसरं कोडं, पाचवीपासून चालणारं. चौकटीच्या वहीत 4 × 4 चा चौरस आखा. समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे एका कर्णाची दोन टोकं, कापून टाका. चौकटी उरल्या 14. पुठ्ठ्याचे दोन चौकटींएवढे सात तुकडे द्या आणि सांगा, हे सात तुकडे लावून सगळा भाग झाका. एकावर एक नको, बाहेर नको.

मुलं खटपट करतात. दर वेळी एक तुकडा हातात राहतो आणि दोन सुट्या चौकटी उघड्या पडतात. पाच-सात मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, "सर, होत नाही." तेव्हा विचारायचं, "होत नाही, की तुला जमलं नाही?" या दोहोंतला फरक ज्या दिवशी मुलाला कळतो, त्या दिवशी त्याचं खरं गणित सुरू होतं असं मी मानतो. भूमितीची सिद्धता लिहायला लावण्याआधी हा फरक चिंचोके-पुठ्ठ्यांनी शिकवलेला बरा.

मग चौकटी बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या रंगवायला सांगा. प्रत्येक तुकडा कसाही ठेवला तरी एक काळी आणि एक पांढरी झाकतो. सात तुकडे म्हणजे 7 काळ्या, 7 पांढऱ्या. पण कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे होते, म्हणून उरल्यात 6 आणि 8. संपलं. 8 × 8 च्या पटावर 30 आणि 32 उरतात, युक्तिवाद तोच.

मात्र इथं एक सापळा आहे आणि त्यात कधीकधी शिक्षकच अडकतात. "रंग सारखे उरले म्हणजे झाकता येणारच" असं सांगून मोकळं होऊ नये. पूर्ण पटातून एक काळी आणि एक पांढरी अशा दोनच चौकटी काढल्या तर उरलेला पट नेहमी झाकता येतो, हे खरं. पण चार काढून बघा. पांढऱ्या कोपऱ्याच्या शेजारच्या दोन्ही काळ्या काढा आणि लांबच्या कुठल्याही दोन पांढऱ्या काढा. रंगांची संख्या जुळते, पण तो कोपरा एकटा पडला, त्याच्यावर तुकडा बसणार कसा? मोजणी जुळणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. आवश्यक आणि पुरेसं यांतला भेद इतक्या स्वस्तात दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तर्काच्या कोड्यांपैकी एकच घेतो. पत्ते चार. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतंय : अ, क, 4, 7. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय का हे तपासायला कमीत कमी कोणते पत्ते उलटायचे? पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये मांडलेलं हे कोडं आहे आणि मोठी माणसंही त्यात हमखास चुकतात. बहुतेक जण अ आणि 4 म्हणतात. उत्तर आहे अ आणि 7. 4 च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागं काय असावं हे नियमानं सांगितलेलंच नाही. 7 च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला.

फळ्यावर सत्यता-सारणी मांडून हे समजावू नका, मुलं पेंगतात. पत्ते बदला. एका बाजूला वाहन, दुसऱ्या बाजूला चालवणाऱ्याचं वय. दिसतंय : मोटारसायकल, सायकल, 25, 15. नियम, गिअरची मोटारसायकल चालवणारा 18 पूर्ण केलेला हवा. आता कुणाला तपासाल? सगळा वर्ग एकसुरात मोटारसायकल आणि 15 म्हणतो. पंचवीस वर्षांच्या माणसाला कोण थांबवणार! मग दोन्ही कोडी शेजारी-शेजारी लिहा आणि विचारा, सात म्हणजे इथला कोण?

बाकीची भराभर सांगतो. नऊ सारखी नाणी, एक हलकं, तागडी दोनदाच वापरायची. मुलं आधी 4-4 घालतात, कारण निम्मे करायची सवय. तागडी तीन गोष्टी सांगू शकते, डावं जड, उजवं जड, समान, म्हणून 3-3-3. नाण्यांऐवजी पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोया, म्हणजे गोल पाव, घ्याव्यात असं कुणाला वाटेल, पण सारख्या वजनाच्या दोन पोया मिळायच्या नाहीत.

वजाबाकीच्या सरावाला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा 6174 उत्तम. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतो. चूक होते ती शून्यापाशी. 2111 घेतलं तर 2111 − 1112 = 999. मूल पुढे तीन अंकीच चालवतं, शून्य मिळतो आणि सगळं बिनसतं. 0999 लिहा, मग 9990 − 0999 = 8991 आणि गाडी रुळावर. प्रत्येक वजाबाकीला 9 नं भाग जायला हवा, म्हणून उत्तर तपासायला शिक्षकाकडे यावं लागत नाही.

आणि भास्कराचार्यांचे भुंगे. 1150 च्या लीलावतीतले. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, एक भुंगा हवेत. किती भुंगे? सहावीला क्ष नको. 30 धरा : 6, 10 आणि 12, मिळून 28, उरले 2. उरायला हवा 1, म्हणून 30 च्या निम्मे, 15. या रीतीचं नाव इष्टकर्म. ती इथं चालते, कारण सगळे भाग थव्याच्या प्रमाणात आहेत. "पाचवा भाग आणि वर 2" असं असतं तर ती फसली असती, आणि हेही करून दाखवा.

गुणांविषयी विचारलं जातं. उत्तराला गुण देऊ नका, दुसऱ्या रकान्याला द्या. ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीत उत्तर फक्त पूर्णांकात लिहायचं असतं हे खरं, पण राष्ट्रीय फेरीत पूर्ण युक्तिवाद लिहावा लागतो, आणि तिथं फक्त 17 लिहून भागत नाही.

चहाच्या टेबलावर चिंचोके आणि आगपेट्या ठेवल्या आहेत. साकवाशी आता पाचजण आहेत : 1, 2, 5, 10 आणि 12. उत्तर मी सांगणार नाही. वहीत दोन रकाने आखून घ्या.