सिंहाच्या तोंडातली कडी

जुन्या शहरांच्या गल्ल्यांत फिरताना आपण सगळे वर बघत चालतो, कमानी, गॅलऱ्या, घुमट वगैरे, पण जरा दारांकडे बघा, छातीच्या उंचीवर, तिथे हमखास एखादा सिंह भेटतो, दातांत कडी धरलेला. आता दार वाजवायचं तर हात कुठे न्यावा लागतो? थेट त्याच्या जबड्याशी! आणि मला तर यातच सगळी गंमत वाटते, कारण उंबरठा ही घराची सगळ्यात कच्ची जागा, पाहुणा तिथूनच येणार आणि वाईट नजरही तिथूनच शिरणार असं लोक मानायचे, मग राखणदार बसवायचा तोही तिथेच.

ही कल्पना प्रचंड जुनी आहे. रोमन सम्राट कॅलिग्युलाने पहिल्या शतकात रोमजवळच्या नेमी तलावात भलीमोठी जहाजं बांधली, त्यांच्या तुळयांच्या टोकांना ब्राँझची सिंह-लांडग्यांची तोंडं होती, दातांत अशाच कड्या. विसाव्या शतकात तलावातून वर काढलेली ती जहाजं 1944 मध्ये जळाली, तोंडं मात्र वाचली. साधारण 800 साली तसेच सिंह सम्राट शार्लमेनच्या, जर्मनीतल्या आखेनमधल्या चर्चच्या दारांवर दिसतात. आणि तिकडे चीनमध्ये हान घराण्याच्या काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या दारांवरसुद्धा कडी धरलेलं श्वापद आहेच, त्याला पुशौ म्हणतात. पुढे लोक त्याला ड्रॅगनच्या नऊ पोरांपैकी जियाओतू मानू लागले, शिंपल्यासारखं स्वतःला घट्ट मिटून घेणारा, दारासाठी याहून चांगला पहारेकरी कुठे मिळणार!

मोरोक्कोपासून स्पेन-पोर्तुगालपर्यंत दारांवर हाताचा पंजा दिसतो, पैगंबरांची मुलगी फातिमा हिचा हात, पाच बोटं वाईट नजर अडवायला. माल्टात डॉल्फिन, बेट समुद्रातलं म्हटल्यावर ते आलंच.

पण मला सगळ्यात जास्त भिडते ती इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलची कडी. बाराव्या शतकातली, सिंहासारखा उग्र चेहरा, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. गुन्हा करून पळालेला माणूस इथपर्यंत पोचला आणि त्याने ही कडी वाजवली की त्याला आत घ्यायचे, मग 37 दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही, तेवढ्यात त्याने समेट करायचा किंवा देश सोडून निघून जायचं. म्हणजे बघा, घाबरवायला बसवलेला चेहरा, आणि जीव मुठीत घेऊन पळणारा माणूस त्याच्याच तोंडातली कडी धरायला धावतोय! सतराव्या शतकात हा हक्क कायद्याने बंद झाला. आज दारावर दिसते ती प्रतिकृती, मूळ कडी कॅथेड्रलच्याच म्युझियममध्ये जपून ठेवलीय.