डोकेदुखीची गोळी आणि तिचा बदनाम भाऊ

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत ‘कृत्रिम ट्रिप्टामाइन्सचं औषधशास्त्र’ असं छापलंय, तरी तुम्ही आलात, कमाल आहे. मला एवढंच सांगायचंय की डीएमटी, म्हणजे भास घडवणारं ते ड्रग, १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतलं, आणि डॉक्टर अर्धशिशीवर लिहून देतात ते सुमाट्रिप्टन, या दोघांचा रासायनिक सांगाडा एकच, त्यालाच ट्रिप्टामाइन म्हणतात. डीएमटीच्या पाचव्या जागी सल्फोनामाइडची शेपटी लावा, झालं सुमाट्रिप्टन. कसं ते सांगतो, पण आधी अर्धशिशीबद्दल दोन शब्द.

आमच्या आईचं डोकं चढलं की आजीचं निदान ठरलेलं, पित्त! मग कोकम सरबत, कपाळाला सुंठेचा लेप, डोक्याला करकचून ओढणी, खोलीत अंधार, आणि आम्ही पोरं चिडीचूप. उलटी झाली की कधी कधी बरं वाटायचं, त्यामुळे पित्तावर शिक्कामोर्तब. अहो, उलटी हे त्याच दुखण्याचं लक्षण आहे! (हसू नका, तुमच्याही घरात हेच चालतं.) बरं, हे जुनं झालं म्हणावं तर परवा एका लग्नात ओळखीच्या एक बाई, चांगल्या शिकलेल्या, अर्धं डोकं धरून बसलेल्या, डीजे चालू, पर्समध्ये ट्रिप्टनची, म्हणजे सुमाट्रिप्टनच्या जातीतली गोळी, आणि म्हणतात काय, ‘अजून सहन होतंय, अगदीच असह्य झालं की घेईन.’ इथेच माझं डोकं फिरतं! ठणका सुरू होतानाच घ्यायची असते ती, कारण अटॅक वाढला की जठर मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते, आणि मग हीच मंडळी सांगत फिरतात की औषध बोगस आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. हरकत नाही, पळवतो.

सेरोटोनिन, म्हणजे शरीरातलंच निरोप पोचवणारं रसायन, हेही ट्रिप्टामाइनच. ते शिरेतून दिलं की मायग्रेन उतरतो हे साठच्या दशकातच दिसलं होतं, पण साइड इफेक्ट फार. मग ग्लॅक्सोत पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांचे सहकारी १९७२पासून नेमक्या रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीवर सेरोटोनिन जिथे चिकटतं त्या जागेच्या, मागे लागले, आणि १९९१मध्ये सुमाट्रिप्टन बाजारात आलं. डीएमटी मेंदूत शिरून सेरोटोनिनच्याच ५-एचटी२ए रिसेप्टरला धरतं, म्हणून भास. सुमाट्रिप्टन मेंदूत फारसं शिरतच नाही आणि धरतं ५-एचटी१बी आणि १डी हे रिसेप्टर. १बीमुळे मेंदूच्या आवरणातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, १डीमुळे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून सीजीआरपी, म्हणजे दुखणं वाढवणारं रसायन, सुटणं कमी होतं. पण १बी हृदयाच्या धमन्यांतही असतात, म्हणून अँजायना किंवा हार्ट अटॅक होऊन गेलेल्यांना हे औषध देत नाहीत.

दोघांनाही मोडणारं एन्झाइम एकच, एमएओ-ए. त्यामुळे डीएमटी नुसतं गिळून काही होत नाही, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले लोक त्यात हे एन्झाइम अडवणारी वेल उकळतात. सुमाट्रिप्टनचीही गिळलेल्या गोळीतली जेमतेम १४-१५ टक्के रक्तात पोचते, इंजेक्शनने जवळपास सगळी. आणि हो, महिन्यात दहा किंवा जास्त दिवस ट्रिप्टन घेत राहिलात तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. बरं बरं, थांबतो, दुसरी चिठ्ठी आली.